माशामागचा माणूस

ओदिलची बॅग वरच्या खोलीत भरून तयार होती, आणि ती स्वतः खाली सोफ्याच्या कडेवर उठू की बसू अशी टेकली होती. उद्या सकाळी ती रॉयांला, समुद्राकाठच्या बहिणीकडे, निघणार होती. कायमची. अजून कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला, रेजीसला, तर नाहीच. निघण्याआधी त्याला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती चाळीस वर्षं तिच्या घशात काट्यासारखी अडकून बसली होती. ती बाई कोण?

पण घरात माणसं असताना असलं काही विचारता येतं का? जानेवारीचा पहिला रविवार होता. मुलगी मारिलीन, जावई आणि दोघी नाती दुपारीच आली होती. धाकटीनं रिवाजाप्रमाणे टेबलाखाली बसून राजांच्या सणाच्या केकचा कुठला तुकडा कुणाला ते सांगितलं, आतली चिनीमातीची बाहुली जावयाच्या दाताखाली आली, म्हणून आजचा राजा तो, त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट चढला, आणि मग टीव्हीवर सिनेमा लागला. दर सुट्टीत लागतो तोच.

खेड्यातला एक दातांचा डॉक्टर पॅरिसला येतो, हेरखातं त्याला शत्रूचा बडा हेर समजतं, आणि तो बिचारा शिंकला तरी त्यात त्यांना सांकेतिक निरोप दिसतो. एवढीच गोष्ट. पन्नास वर्षं झाली, त्यातले नट गेले, ज्या देशांची भीती होती ते देशही नकाशावरून गेले, पण लोकांचं मन काही भरत नाही. भरणार कसं? आपल्यावर पाळत ठेवणारे शहाणे आपल्याहून गाढव निघाले, याच्याइतकं सुख दुसऱ्या कशात आहे? या घरात तर हा सिनेमा बघायचा म्हणजे नटाच्या आधी वाक्य आपण म्हणायचं. हेरखात्याच्या कर्नलचा हस्तक तोंड उघडायच्या आत दोघी नाती ओरडल्या, "साहेब, इतकं मूर्ख दिसायला वर्षानुवर्षांचं शिक्षण लागतं!"

ओदिल मात्र सिनेमा कधीच बघत नसे. ती रेजीसकडे बघत असे.

रेजीस पंप विकायला देशोदेशी फिरायचा. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात तो व्हिएन्नाला गेला तेव्हा त्याचा दोन्ही बाजूंनी घालता येणारा रेनकोट पिवळट बाजूनं होता, गळ्यात तिनं विणलेला मोहरीच्या रंगाचा मफलर होता. परत आला तो कोटाची निळी बाजू वर करून, आणि मफलर गायब. आगगाडीत राहिला, म्हणाला, खाली बघत. आता कुणाच्या दारातून घाईघाईनं निघताना माणूस कोट उलटा घालतो हे ओळखायला काही हेर व्हावं लागत नाही. त्यानंतर त्याचे दौरेच बंद झाले. त्याला कचेरीत टेबलाशी बसवलं गेलं आणि वसंतभर तो सुतकी चेहऱ्यानं वावरला. ओदिलनं ताडलं, तिकडचं तुटलं. त्या बाईला तिनं मनातल्या मनात चेहराही देऊन टाकला होता. सडपातळ, लांब मानेची. मोहरीचा रंग शोभेल अशी.

आधी मारिलीन लहान म्हणून ती गप्प राहिली, मग सवयच झाली. पण गेल्या नोव्हेंबरात मेहुणे वारले, आणि दफनाहून परतताना बहीण म्हणाली, बरं झालं, आमच्यात न सांगितलेलं काही उरलं नव्हतं. तेव्हापासून ओदिलला स्वतःच्या घरात चैन पडत नव्हतं. एक कपाट दोनदा पुसायची, दिवाणखान्यात यायची आणि कशाला आलो ते विसरायची.

पडद्यावर आता उपाहारगृह आलं. वाढप्यानं भलामोठा मासा आणला, डॉक्टरनं सवयीनं त्याचं तोंड उघडून दात तपासले, वाढपी दचकून घसरला आणि मासा कर्नलच्या बायकोच्या मांडीवर. घर हसून लोटपोट. रेजीस हसला नाही. तो नंतर हसला, सगळे थांबल्यावर, एकटाच, नाकातल्या नाकात. पूर्वी तोही माशालाच हसायचा. त्या व्हिएन्नानंतर त्याचं हसू असं मागे पडलं होतं. आज ओदिलनं पहिल्यांदा त्याच्या नजरेमागोमाग पडद्याकडे पाहिलं.

"ते जरा मागे घे," ती नातीला म्हणाली.

नातीनं मागे घेतलं. पुढे मासा उडत होता, आणि पार मागे, जिथं कुणी बघत नाही तिथं, पाळतीवरचा हेर टेलिफोनच्या खोक्यात शिरत होता. पिवळट कोटात. बाहेर पडला तेव्हा कोट निळा होता. गळ्यात मात्र आत जातानाचाच लाल मफलर.

उरलेला सिनेमा कसा सरला, मुलीला निरोप कसा दिला, ओदिलला काही आठवेना. गाडी वळल्यावर ती खुंटीपाशी गेली, रेजीसचा जुना रेनकोट उलटा केला आणि त्याच्या पुढ्यात धरला.

"त्या माणसात हसण्यासारखं काय आहे, रेजीस?"

त्यानं कोटाकडे बघितलं.

"कोट फिरवला, पण मफलर काढला नाही," तो म्हणाला. "हेरखात्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते. गळ्यातलं आधी काढायचं."

"आणि तू?"

"थंडी होती. आणि तू विणलेला होता." त्यानं कोट तिच्या हातातून घेतला. "ट्रामच्या थांब्यावर त्यांच्या हेरांनी मला मफलरवरून ओळखलं. कसाबसा निसटलो. मफलर गटारात टाकून आलो. परत आल्यावर साहेब म्हणाले, इतका मूर्खपणा शिकवूनही येत नाही."

ओदिलला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिला संताप आला, असा की कानशिलं तापली.

"चाळीस वर्षं मी एका बाईचा राग केला," ती म्हणाली. "तिला लांब मान दिली, केस दिले. आज तू ती बाईच काढून घेतलीस. आता मी राग कुणावर काढू?"

"कुठली बाई?"

त्याचा चेहरा असा काही भाबडा झाला की शिकवलेल्या माणसाला तसा करता येतो की नाही, तिला ठरवता येईना. खोटं बोलणं हाच ज्याचा पेशा, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? पण हसू? माशामागच्या त्या माणसाला बघून दरवर्षी त्याला येणारं ते हसू तर त्यानं कधीच लपवलं नव्हतं, आणि तीच एकटी ते बघत आली होती.

"रॉयांला जायला बॅग भरलीय मी. कायमची," ती म्हणाली.

रेजीस हळूच म्हणाला, "सांगायची परवानगी नव्हती. अजूनही नाही."

"मघाशी सांगितलंस ते?"

"ते मफलरचं सांगितलं."

ओदिलनं डोळे पुसले आणि टीव्हीचा रिमोट त्याच्या हातात कोंबला. "पहिल्यापासून लाव. मी हा सिनेमा अजून बघितलेलाच नाही."

त्यानं लावला. ती सोफ्यावर नीट मागे टेकून बसली. डॉक्टर आला, कर्नल आला, मासा आला. डॉक्टरनं माशाचं तोंड उघडलं आणि ओदिलला हसू फुटलं, इतकं की पोटात कळ आली, आणि त्या हसण्यातच मध्येच तिला हुंदकाही आला. रेजीस मागच्या माणसाकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

बॅग वर तशीच भरलेली होती.