खिंडीतलं ओलं फडकं

"सरका, सरका! बाबांना वाट द्या!"

उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी खिंडीवरच्या खानावळीसमोर नुसती जत्रा असायची. जुन्या गाड्या बॉनेटं उघडून उभ्या, ड्रायव्हर टोप्या काढून उभे, आणि मधून काळ्या झग्यातले पाहोमिये बाबा चालत यायचे. हातात तांब्याचं भांडं, भांड्यात मठाच्या झऱ्याचं पाणी. कोणता मठ, ते मात्र कुणी विचारायचं नाही.

त्या दिवशी पाळी आमच्या गाडीची होती. माझा नवरा व्लास्ता किल्ली फिरवून फिरवून घामाघूम झालेला. स्टार्टर घरघरत होता, पण इंजिन काही पेट घेत नव्हतं.

बाबांनी आत वाकून पाहिलं. "हे यंत्राचं काळीज. याच्यावर जड डोळा पडलाय. बाईचा डोळा! गाडीत बसणाऱ्या बाईचा!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आमच्या गाडीत बसणारी बाई म्हणजे मीच, दुसरी कोण!

बाबांनी फडकं भिजवून त्या काळजावर पसरलं, डोळे मिटून काहीबाही पुटपुटले, मग गरजले, "फिरव!" इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. लोकांनी छातीवर क्रूस काढले. एक म्हातारी तर बाबांच्या झग्याला ओठ लावून आली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या भोंदूला मी एरवी उभं केलं नसतं. पण त्याला तिथे आणून बसवलं होतं खानावळीच्या मालकानं, ग्वोझ्देननं, आमच्या कूमनं. आमच्या लग्नात आमच्यामागे उभा राहिलेला साक्षीदार तो, आमच्या लेकीला, नेवेनाला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलेला तोच. 'वर देव, खाली कूम' म्हणतात आमच्या सर्बियात. कूमच्या शब्दावर शंका घ्यायची नसते.

आणि कूमचा मानही असा, की जोडीनं जाताना त्याच्या दारावरून कॉफी न पिता पुढे जायचं नाही. व्लास्ता एकटा असला तर नुसता हॉर्न वाजवून जाई. मी बरोबर असले की थांबायचं, अर्धा तास बसायचं. त्यामुळे हिशेब सोपा झाला: एकटा असला की गाडी चालते, रुझित्सा, म्हणजे मी, बसली की अडते. गावानं मला डाकीण ठरवायला आणखी काय हवं होतं!

तेही मी गिळलं असतं. पण नेवेनाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, जावई ऑस्ट्रियात बांधकामावर, आणि प्रसूतिगृह खिंडीपलीकडच्या शहरात. पोर रोज म्हणायची, "आई, तू हात धरलास तरच मी जाईन हं." आणि बाबांनी निकाल दिला, "त्या दिवशी ही बाई गाडीत नको. नाहीतर गाडी रानात अडेल, मग बाळाचं काय ते तुमचं तुम्ही बघा."

"कूमही तेच म्हणतोय," व्लास्ता माझी नजर चुकवत म्हणाला.

"लेकीच्या बाळंतपणाला आईनं जायचं नाही?"

"रुझा, धोका कशाला घ्यायचा?"

मी म्हटलं, "ठीक आहे. उद्या भर दुपारी एकटा जा. कूमकडे अर्धा तास कॉफी पी. मी घरात कोंडून घेते."

तो गेला, आणि गाडी अडली. फडकं टाकल्यावरच परत आला. आता तरी पटेल, म्हटलं. कसलं काय! "बाबा म्हणाले, तिचा डोळा घरातूनही पोचतो." वा रे डोळा! घरातली सुई शोधताना नेमका कुठे जातो तो?

तेव्हा मला कळलं की तिथे जाऊन, सगळ्यांसमोर, मलाच बघावं लागणार. पुढच्या रविवारी मीही गेले. गाडी ठरल्याप्रमाणे अडली. बाबा मंत्राची तयारी करत होते, तोवर मी खानावळीच्या मागे गेले. तिथे कूमची सामान आणायची व्हॅन उभी होती, आमच्या गाडीच्याच वयाची. तीही तोच चढ चढते, दारातच थांबते. मग ती कशी कधी अडत नाही? आयुष्यात पहिल्यांदा मी एका गाडीचं बॉनेट उचललं.

आत, बाबा ज्याला काळीज म्हणत त्या पेट्रोलच्या पंपाभोवती, तारेनं घट्ट बांधलेलं ओलं फडकं होतं.

कूमला ठाऊक होतं. सगळ्या उन्हाळाभर ठाऊक होतं.

मी स्वयंपाकघरात शिरले, भांडी पुसायचं कळकट फडकं मोरीच्या नळाखाली भिजवलं आणि गर्दीत घुसले. "थांबा बाबा! तुमचा मंत्र जरा राखून ठेवा." फडकं नेमकं पंपावर टाकलं. थोडं थांबले. "व्लास्ता, फिरव."

गाडी सुरू झाली. मी मागे न हटता इंजिनाकडे डोळे वटारून बघत राहिले. चांगली सुरू राहिली.

"ऐका! चढानं इंजिन तापतं. चालत्या गाडीला वारा लागतो, पण थांबलो की धग आत कोंडते आणि पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. वाफ पंपाला ओढता येत नाही. गार फडकं टाकलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. माझा डोळा नाही, आपली कॉफी नडते! खोटं वाटत असेल तर मागची व्हॅन उघडून बघा."

लोक मागे धावले. त्या गडबडीत बाबा झगा सावरत कुठे सटकले, कुणाला दिसलंही नाही.

कूम जवळ आला. "रुझित्सा, खानावळ बंद पडायला आली होती गं. बाबांमुळे माणसं थांबायला लागली. आणि दोष कुणावर तरी ढकलावाच लागतो."

"म्हणून माझ्यावर?"

"तू आपली ना. परकीवर ढकलला असता तर भांडणं झाली असती."

तेवीस वर्षं मी त्याला 'अहो कूम' म्हणत आले होते. "अरे ग्वोझ्देन," मी म्हटलं, "शत्रूनं समोरून मारलं असतं रे. तू केसानं गळा कापलास." मी तिथेच ढसाढसा रडले. व्लास्तानं आरशाला बांधलेला बाबांचा लाल दोरा तोडला, पण माझ्याकडे बघायची हिंमत त्यालाही झाली नाही. त्याला मी अजून पुरतं माफ केलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात नेवेनाच्या कळा सुरू झाल्या, त्याही भर दुपारी. मागच्या सीटवर तिचा हात माझ्या हातात होता. खिंडीत ग्वोझ्देन दारात उभा राहून हात करत होता.

"थांबू का?" व्लास्तानं विचारलं.

"चल पुढे."

नातीच्या बाप्तिस्म्याला आम्ही दुसरा कूम बोलावला. बायका कुजबुजल्या, कूम तोडला की सात पिढ्यांना शाप लागतो. मी म्हटलं, लागू दे, तोही तपासून बघू. तुम्हीही एवढंच करा बायांनो, बाप्यांनो: गाडी अडली तर आधी बॉनेट उघडा, बाईकडे नंतर बघा. आणि सांगणारा कितीही आपला असला, तरी त्याची व्हॅनसुद्धा एकदा उघडून बघा.