पेपरातला वाघ

नगरचा साप्ताहिक पेपर पुणतांब्याला शनिवारच्या गाडीनं यायचा आणि विष्णुपंत मास्तर तो मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचायचे. गावात वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे जग कसं चाललंय ते मास्तरांच्या तोंडून कळायचं. बायका मागं भिंतीच्या सावलीला बसत. भीमाबाईची जागा मात्र पुढं, कारण तिचा गोरक्ष पैलवान होता आणि पेपर त्याला ‘गोदाकाठचा वाघ’ म्हणायचा.

बातमी ती दोनदा वाचून घ्यायची. घरी म्हशीपुढं वैरण टाकताना तेच शब्द पुटपुटायची. हा वाघ घरात उंदराला घाबरतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण पेपरातला वाघ तिला जास्त आवडायचा. आईच ती, तिला तरी काय बोल लावायचा.

सेहेचाळीस सालच्या चैत्रात नगरला मोठी कुस्ती ठरली आणि ऐन वेळी गोरक्षला हिवतापानं धरलं. घोंगडीखाली दात वाजत होते. कुस्ती पुढं ढकला म्हणून निरोप धाडावा, असं तो म्हणाला. तेवढ्यात शनिवार आला आणि पेपरही आला. ‘वाघ गुहेतून निघाला! माघार हा शब्द त्याला ठाऊक नाही.’ भीमाबाई ते ऐकून घरी आली. पोराच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत म्हणाली, “छापून आलंया, गोरक्षा. आता न्हाई कसं म्हनायचं?”

गोरक्ष गेला. पहिल्या झटापटीतच त्याची पाठ मातीला लागली.

पुढच्या शनिवारी मास्तरांनी आवाज उतरवून वाचलं. ‘वाघाने शेपूट घातली. यामागे पैशांची देवाणघेवाण झाली असावी, असे जाणकार बोलतात.’ जाणकार म्हणजे कोण, असं भीमाबाईनं विचारलं. ते पेपरवाल्यांना माहीत असतं, मास्तर म्हणाले. पोराला ताप होता, मी माझ्या हातानं पट्ट्या ठेवल्या, असं तिनं साऱ्या पाराला सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. आई बोलली की डोलावतात तशाच. तालमीतली पोरं त्याच्या पाया पडेनाशी झाली. भीमाबाई दूध घालायला गेली की लोक विचारत, आता म्हैस कशाला पाळता, नगरला माडी बांधा की!

पेपरनं काही पिच्छा सोडला नाही. ‘विकाऊ वाघ’ झालं, मग वाघही गेला आणि नुसता ‘विकाऊ’ उरला. दोराच्या रोजच्या घासण्यानं विहिरीच्या दगडालासुद्धा खाच पडते, मग माणसाच्या मनाचं काय! भीमाबाई गोरक्षच्या नव्या धोतराकडं निरखून बघू लागली. त्याच्या ट्रंकेला कुलूप का, असा विचार तिच्या मनात येऊ लागला. आणि एका संध्याकाळी, ताप पुन्हा उलटला असताना, पट्टी हातात धरून तिनं विचारलं, “गोरक्षा, खरं सांग. घेतलंस का रं?”

गोरक्षनं तिचा हात कपाळावरून बाजूला केला.

“आये, तुज्या हाताला चटका बसत हुता की.”

त्यानंतर त्यानं पट्टी ठेवू दिली नाही. हिवतापावरचं कोयनेल घेतलं नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिला आणि ज्येष्ठ लागायच्या आत गेला.

तिरडीला खांदेकरी मिळवताना मारामार झाली. पण शनिवारी गाडी आली, मास्तरांनी पारावर नुसता मथळा वाचला, ‘गोदाकाठचा वाघ हरपला’, आणि सारं गाव भीमाबाईच्या अंगणात लोटलं. माडी बांधा म्हणणारे धाय मोकलून रडत होते. तालमीच्या पोरांनी उंबऱ्यावर फेटा आणून ठेवला. मास्तर चष्मा पुसत तिच्यासमोर बसले. फार मानाचं लिहिलंय, म्हणाले. अंगात ताप असूनही वाघानं मैदान सोडलं नाही, असं जाणकार सांगतात. सगळं वाचून दाखवू का, त्यांनी विचारलं.

भीमाबाईनं पदर दोन्ही कानांवर ओढून घेतला.

“नगा वाचू, गुर्जी. छापून आलं की मला खरं वाटतंया.”