मानाचा पाट

सभासद कोणाला करायचं आणि अध्यक्ष कोणी व्हायचं, यावरून आपल्या गावोगावच्या तरुण मंडळांत जेवढी डोकी तापतात, तेवढी पाण्याच्या टाकीवरूनही तापत नसतील. मंठा तालुक्यातल्या धामणखेड्याचं मंडळ तरी याला अपवाद कसं असणार? शहाण्णव साली, हनुमान जयंती तोंडावर आलेली असताना, मंडळाच्या खोलीत अशीच एक बैठक तापली होती.

प्रश्न होता नंदाचा. नंदा ही गावातल्या धर्मराजची लेक. नवऱ्याने घराबाहेर काढल्यावर ती माहेरी आली आणि रडत बसायचं सोडून तिने गावातल्या पोरींचा कबड्डीचा संघ उभा केला. मंठ्याला तालुक्याचे सामने होते. संघाचा प्रमुख मंडळाचा सभासदच हवा, अशी तिथली अट. म्हणजे नंदा सभासद झाली तरच पोरी मैदानावर उतरणार होत्या.

"घेऊन टाका ना तिला," कारभारी म्हणाला. तो स्वतः मंडळाच्या संघात खेळायचा. "आपण दर साली पहिल्याच फेरीत घरी येतो. पोरी तरी काही करतील."

"आन् नियमाचं काय?" दुसऱ्याने फाटा फोडला. "लग्न झालेली लेक या गावची कशी?"

सगळे अध्यक्षाकडे बघू लागले. अध्यक्ष होता भुजंग.

"भंडाऱ्याच्या दिवशी सांगतो," तो म्हणाला. "सगळ्या गावासमोर." आणि मिशीतल्या मिशीत हसला.

त्या हसण्यामागे जुनं वैर होतं. भुजंगची आई सगुणाबाई याच गावची लेक. नवऱ्याने टाकल्यावर तान्ह्या भुजंगला घेऊन ती भावाच्या आसऱ्याला आली. म्हणून भुजंग अख्ख्या गावाचा भाचा. आता भाचा म्हणजे आपल्याकडे मानाचा माणूस. मारुतीच्या भंडाऱ्यात पहिल्या पंगतीला गावच्या लेकी आणि भाचे पाटांवर बसायचे आणि मंडळाची पोरं त्यांना वाढायची. बाकी गाव नंतर, भुईवर.

अठराव्या वर्षी भुजंगला त्या पाटाचा वीट आला. त्याने हात धुतले आणि बरोबरीच्या पोरांसारखी वरणाची बादली उचलली. तेव्हा अध्यक्ष असलेला धर्मराज आडवा आला. त्याने बादली काढून घेतली आणि साखर पेरल्यासारखं बोलला, "भाचे, तुम्ही गावचे पाव्हणे. पाव्हण्यानं काम करावं व्हय? बसा पाटावर." पंगतीत हशा पिकला. संध्याकाळी भुजंग सभासदत्व मागायला गेला, तर तिथेही तेच. ज्याच्या बापाचं नाहीतर स्वतःचं घर गावात, तोच सभासद. लग्न होऊन गेलेल्या लेकी आणि स्वतःचं घर नसलेले भाचे गावाचे पाहुणे, असा नियमच धर्मराजने करून टाकला. शिवी दिली असती तर भुजंग एखादे वेळी विसरलाही असता. मान देऊन हाकललं, ते कसं विसरावं?

तो जालन्याला गेला. बियाण्यांच्या गोदामात पोती उचलली, धंदा शिकला, गावात परत येऊन बियाण्यांचं दुकान टाकलं आणि स्वतःचं घर बांधलं. नियमात बसला, सभासद झाला, पुढे अध्यक्षही झाला. नियम मात्र त्याने मोडला नाही. जुनाट आहे, काढून टाकू, असं पोरं म्हणायची तेव्हा तो म्हणायचा, राहू द्या. धर्मराजच्या घरचं कोणी तरी एक दिवस त्या नियमाला येऊन धडकेल, याची तो वाट बघत होता.

आणि बैठकीनंतर धर्मराज स्वतःच्या पायांनी त्याच्या दुकानात आला.

"भुजंगराव, तेवढं नंदाचं बघा," तो म्हणाला. "लेकरू पार खचून आल्तं. या कबड्डीनं जरा उभं राह्यलंय."

"बघतो ना, मामा," भुजंग म्हणाला. "भंडाऱ्याला पाठवा तिला वाढायला. मंग बघा."

हनुमान जयंतीला मारुतीसमोर पहिली पंगत बसली. नंदा आली, पदर खोचून तिने वरणाची बादली उचलली. भुजंग जाऊन तिच्यासमोर उभा राहिला. बादली हातातून काढून घेतली आणि धर्मराजला ऐकू जाईल अशा बेताने, अगदी गोड बोलला, "नंदाताई, तुम्ही गावच्या पाव्हण्या. पाव्हण्यानं काम करावं व्हय? बसा पाटावर."

हशा पिकला. धर्मराजची मान खाली गेली; शब्द न् शब्द त्याच्याच तोंडचा होता. भुजंगच्या जिवाला असा गारवा वाटला की काय सांगावं. पाटांच्या रांगेत एक पाट रिकामा होता, त्यावर नंदा जाऊन बसली. शेजारच्या पाटावर सगुणाबाई होती.

सगुणाबाईने एकदा नंदाकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. मग पान तसंच टाकून उठली आणि घराची वाट धरली. भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. भुजंग मागोमाग धावला.

"माय, काय झालं? धर्मामामाचं तोंड पाह्यलं का न्हाई?"

"पाह्यलं. नंदाचंबी पाह्यलं." सगुणाबाई ओट्यावर टेकली. "तिनं तुझं काय वाईट केल्तं?"

"तिच्या बापानं केल्तं. नियम त्याचाच हाय, मी फक्त बराबर वापरला."

"वापरला कुणावर? नवऱ्यानं टाकलेल्या लेकीवर. आन् तशी या गावात पहिली मीच की रे. तुला पाटावर बसवलं तर तू इतकी वर्सं जळून राह्यलास. मला दर साली बसवतेत. याच गावात जल्मले, याच मातीत राबले, तरी पाव्हणीच. तू अध्यक्ष झालास तव्हा वाटलं, आता हा पाट माह्या लेकाच्या हातानं निघंल. तू तर आणखी एक बाई आणून माह्याजवळ बसवली."

सुडासाठी म्हणून जो नियम भुजंगने जपला, तो इतकी वर्षं त्याच्याच आईच्या मानगुटीवर बसला होता आणि त्याला दिसलाही नव्हता! लाजेने त्याला आईकडे बघवेना.

"चल, माय," तो म्हणाला. "वाढायला."

दुसरी पंगत बसत होती. भुजंगने नंदाला पाटावरून उठवलं आणि सगळ्यांसमोर बोलला, "ताई, तुझ्या बापावरचा राग मी तुझ्यावर काढला. चुकलो. ही बादली धर. संध्याकाळच्या बैठकीत पहिलं काम तुझ्या सभासदत्वाचं. तो नियम ज्याला ठिवायचा असंल, त्यानं आधी माह्या मायला सांगावं, ती कुण्या गावची ते."

कारभारी उठून पाट गोळा करू लागला.

नंदा मात्र एवढ्याने विरघळणारी नव्हती. "आन् पुढल्या साली मी अध्यक्षाला उभी राह्यले तर?" तिने विचारलं.

"राह्य की," भुजंग म्हणाला. "मी तुझ्याविरुद्ध उभा राहीन."

तेव्हा कुठे तिने बादली धरली.

त्या पंगतीत सगुणाबाईने गावाला पहिल्यांदा वरण वाढलं. वाढता वाढता ती धर्मराजच्या पानाशी आली. तो ओशाळून उठू लागला. "अक्का, द्या इकडं, मी वाढतो."

"बस धर्मा," ती म्हणाली. "आज तू पाव्हणा. कसं वाटतं बघ." आणि त्याच्या पानात पळीभर वरण जास्तच ओतलं.

नियम त्याच संध्याकाळी गेला. पोरी मंठ्याला गेल्या आणि दुसऱ्या फेरीत हरल्या. म्हणजे गड्यांपेक्षा एक फेरी पुढे. भुजंग आणि धर्मराजचं काही जमलं नाही, सगळ्यांचं सगळ्यांशी जमायलाच हवं असंही नाही.

पण मंडळीहो, एक ध्यानात ठेवा. बरोबरीने राबू न देता जो मान मिळतो, तो माणसाला दाराबाहेर ठेवायची गोड रीत असते. आणि सूड ज्याच्यावर उगवावा तो बाजूलाच राहतो, मध्ये कुणाची तरी लेक, कुणाची तरी माय सापडते. तुमच्या गावच्या मंडळात असा एखादा पाट मांडलेला असेल, तर यंदाच्या भंडाऱ्याला तो उचला.