ओली लोकर ओढायची नाही

वाकडं काही दिसलं की ते सरळ केल्याशिवाय लोकरवालीला चैन पडत नसे. दुकानात ती नवी लोकर विकायची, स्वेटर विणून द्यायची, पण तिचं नाव झालं होतं ते जुनं उसवून नवं करण्यात. कोपरे झिजलेला एखादा स्वेटर आला की ती तो बसल्या बैठकीला उसवून मोकळी व्हायची. उसवलेली लोकर म्हणजे नुसती नागमोडी वळणं. मग तिच्या लड्या करायच्या, कोमट पाण्यात बुडवायच्या, दांडीला अडकवायच्या आणि खाली वजन टांगून द्यायचं. दुसऱ्या दिवशी लोकर अगदी शहाण्यासारखी सरळ झालेली असायची.

आता अशा बाईच्या पोटी कुरळ्या केसांची मुलगी यावी, याला काय म्हणायचं?

केस बापाकडून आले होते. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याचं डोकं आता कपाळापासून मानेपर्यंत गुळगुळीत होतं. "केस माझेच आहेत," तो येईल-जाईल त्याला अभिमानाने सांगायचा, "फक्त पुरावा नष्ट झालाय." लेकीचं नाव त्यानेच गुंतू पाडलं आणि ते तिला असं चिकटलं की तिचं खरं नाव फक्त शाळेतल्या बाईंना आठवायचं.

लोकरवालीचा मुलीवर जीव होता, त्यात वाद नाही. पण जीव लावायची तिची रीत एकच, मेहनत! केस धुवायच्या दिवशी ती पदर खोचून उभी राहायची. साबणाचा भरपूर फेस, मग जोरजोरात चोळणं, मग टॉवेलने खसाखसा पुसणं, मग बारीक दातांचा कंगवा घेऊन मुळापासून खाली ओढणं. शेवटी ओल्या केसांच्या दोन करकचून वेण्या आणि प्रत्येक वेणीच्या टोकाला ओव्हरकोटाचं एकेक जाडजूड लाकडी बटण. वजन हवं ना! गुंतू वर्गात मान वळवायची तेव्हा ती बटणं मागच्या बाकावर टक टक वाजायची. वाळल्यावर वेण्या सोडल्या की तासाभरात केस पुन्हा जागच्या जागी कुरळे, वर फुगून दुप्पट. लोकरवाली कपाळाला हात लावायची आणि पुढच्या वेळी आणखी जोर लावायची.

गुंतू लहान होती तोवर रडून गप्प बसायची. आता ती तेरा वर्षांची झाली होती, आणि नाकावरचा राग तिने आईकडूनच घेतला होता. त्या सकाळी शाळेला उशीर होत होता, केस कोरडे होते आणि कंगवा मध्येच अडकला. आईने ओढला. कट्कन आवाज झाला. कंगव्याचे दात तुटून केसांत राहिले आणि कानशिलाजवळची एक बट तुटून आईच्या हातात आली.

गुंतू रडली नाही. उभी राहिली, आरशात कानशील पाहिलं आणि म्हणाली, "आजपासून माझ्या डोक्याला हात लावायचा नाहीस तू. रविवारी मी बाबांबरोबर सलूनमध्ये जाणार आणि सगळे केस बारीक करून येणार. मुलांसारखे."

"ऐकलंस?" लोकरवाली नवऱ्याकडे वळली. "सांग तिला काहीतरी."

"मला यात ओढू नका," तो दाढीचा फेस पुसत म्हणाला. "मी कात्रीच्या बाजूचा नाही आणि कंगव्याच्याही नाही. माझे दोघांशीही संबंध संपलेत."

गुंतूने अबोला धरला. शाळा सुटल्यावर ती नेहमीप्रमाणे दुकानात यायची, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची, पण तोंडाला कुलूप. केस तिने स्वतःच कसेबसे रबरात कोंबलेले असायचे. लोकरवालीचे हात सारखे तिकडे जायला बघायचे. केस कापले जाण्याचं तिला वाईट वाटत होतंच, पण खरी भीती वेगळी होती. एवढी वर्षं ते डोकं तिच्या दोन गुडघ्यांमध्ये असायचं. दिवसभरात पोरगी तेवढाच वेळ तिच्या हाताशी असायची. केस गेले की ते बसणंही जाणार, आणि मग पोरीला जवळ ओढायला काय निमित्त उरणार? तिला नुसतं जवळ घेणं जमायचं नाही. हातात काहीतरी काम लागायचं.

एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ आपला करडा स्वेटर न्यायला आले. कोपरे तिने असे भरले होते की शोधूनही सापडू नयेत. ते खूश होऊन म्हणाले, "आता हा धुवायचा कसा, तेवढं सांगा. मागच्या वेळी माझ्याकडून वाट लागली होती."

हा तर लोकरवालीचा हातखंडा विषय. ती बोट नाचवत सुरू झाली. "हे बघा काका. पाणी कोमट. साबण सौम्य, तोही थोडाच. चोळायचं नाही. पिळायचं तर अजिबात नाही. टॉवेलमध्ये ठेवायचा आणि अलगद दाबून पाणी काढायचं. ओला असताना टांगायचा नाही, ओढायचा नाही. ओली लोकर ओढली की तिचा जीव जातो, मग ती कधी पहिल्यासारखी होत नाही. तिच्या घडणीप्रमाणे तिला वाळू द्यायचं, आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. एवढी माया केलीत तर वर्षानुवर्षं टिकेल."

कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला. "काका, तुमचा स्वेटर फार नशीबवान आहे हो."

काकांना काही कळलं नाही. ते हसले, पिशवी उचलून गेले. लोकरवाली मात्र बोट तसंच हवेत धरून उभी राहिली.

"उसवलेल्या लोकरीचं वेगळं असतं," ती शेवटी म्हणाली. दांडीला टांगलेली लडी आणि तिच्या खालचं वजन समोरच दिसत होतं. "ती सुयांवर राहून वाकडी झालेली असते. तिला सरळ करावंच लागतं."

"पण मी उसवलेली नाहीये, आई," गुंतू वहीतून डोकं वर न काढता म्हणाली. "मी अशीच विणलेली आहे."

लोकरवाली मटकन खुर्चीत बसली. एवढी वर्षं, केस धुतले की ते आणखी कुरळे व्हायचे आणि तिला वाटायचं, आपलंच काही चुकतंय, आपण कमी पडतोय. उसवलेली लोकर पाण्यात पडली की वळणं सोडते आणि हे केस पाण्यात पडले की वळणं धरतात, एवढं साधं तिच्या लक्षात आलं नव्हतं. डोळ्यांदेखत घडत होतं, तिच्याच हातांखाली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि पोरीला तिथेच जवळ ओढावंसं वाटलं. पण गिऱ्हाईक आलं, आणि ती बटणं दाखवायला उठली.

संध्याकाळी तिने एक अवघड काम केलं. नणंदेला फोन लावला. नणंद नवऱ्याची धाकटी बहीण, डोक्यावर तसंच कुरळं जंगल घेऊन ऐटीत फिरणारी. ती एकदा म्हणाली होती, "वहिनी, तिचे केस कोरडे विंचरू नकोस गं." त्यावर लोकरवालीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या आणि तो विषय पुन्हा निघाला नव्हता.

"मला शिकव," लोकरवाली एका दमात म्हणाली. पड खायचीच तर लांबण कशाला लावा.

नणंदेने टोमणा न मारता सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "वहिनी, एक गोष्ट मात्र तुला जड जाणार. वाळेपर्यंत हात लावायचा नाही."

"ते मला माहितीये," लोकरवाली म्हणाली. "मीच सांगत असते लोकांना."

रविवार उजाडला. बाप चपला घालून दारात तयार. लोकरवाली बादलीत कोमट पाणी काढून, खांद्यावर नवऱ्याचा जुना सुती टी-शर्ट टाकून न्हाणीघराच्या दाराशी उभी होती.

"एकदा मला धुऊ दे," ती म्हणाली. "मग जा आणि हवे तेवढे काप."

"तू ओढशील."

"नाही ओढणार."

"तुला राहवणार नाही."

ते खरंच होतं. लोकरवालीने मोठ्या दातांचा नवा कंगवा लेकीच्या हातात दिला. "हा तुझ्याकडे ठेव. मी मागितला तरच दे. आणि दुखलं तर देऊच नकोस."

गुंतूने कंगवा मुठीत घट्ट धरला आणि पाटावर बसली, पाठ ताठ.

साबण थोडाच, तोही फक्त मुळांशी, बोटांच्या पेरांनी. मग कंडिशनर, आणि ओल्या निसरड्या केसांतून नुसती बोटं. गुंता लागला की लोकरवाली थांबायची. लोकरीचा गुंता ती कधी ओढत नसे. टोक शोधून, हळूच सैल करत मागे यायची. तेच हात, तीच बोटं. टोकांकडून वर, एकेक बट. गुंतूची पाठ हळूहळू सैल झाली. मध्येच तिने मागे न बघता कंगवा वर केला. लोकरवालीने तो घेतला, हलकेच फिरवला आणि परत दिला. मग टी-शर्टमध्ये केस घेऊन खालून वर अलगद दाबले. वेण्या नाहीत, बटणं नाहीत.

"आता वाळू दे," ती म्हणाली आणि दोन्ही हात काखेत दाबून खुर्चीवर बसली. तिने खिडकी पुसली. पडदा सरळ केला. पुन्हा बसली.

"मी जाऊ का एकटाच?" बापाने विचारलं. "पण तिथे माझं काम काय?"

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. उन्हात बसलेल्या गुंतूच्या केसांत एकेक वळण आकार घेत होतं, गोल, चकचकीत, एकमेकांपासून सुटं. हे असं काही त्या डोक्यात आहे, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. गुंतूने आरशात पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. कानशिलाजवळची तुटकी बटसुद्धा आपलं इवलंसं कडं करून बसली होती.

"बाबा, चपला काढ," ती म्हणाली.

मग ती आली आणि न सांगता आईच्या दोन गुडघ्यांमध्ये, पाठ करून बसली. लोकरवालीचे हात काखेतच होते. बाहेर काढायची तिची छाती होईना.

"वाळलेत," गुंतू म्हणाली. "एक ओढ हवं तर. तुला कधीपासून ओढायचंय."

"नको गं."

"ओढ. एकच."

लोकरवालीने एक बट दोन बोटांत धरली, अलगद खाली ओढली, अगदी पाठीपर्यंत सरळ केली. मग सोडली. बट झपकन वर गेली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

गुंतू हसली. आईही हसली, आणि डोळे पुसायला तिने तोच टी-शर्ट घेतला.

"अजून एक?" आईने विचारलं.