गालाला लावलेला साचा

तिने प्लास्टरचा साचा गालाला लावला आणि डोळे मिटले. थंड लागला तर आत ओल आहे. ओल असली की वितळलेलं प्लास्टिक ओतताक्षणी तडतडतं, उसळून तोंडावर येतं. तेवढं नाही झालं तरी त्यातून निघणाऱ्या, गळाला आमिष म्हणून लावायच्या मऊ माशांच्या पोटात बुडबुडे राहतात, आणि असला मासा कोणी विकत घेत नाही. हे सगळं बाबांनी तिला शिकवलं होतं आणि शिकवून स्वतः मोकळे झाले होते.

मोठ्या आजारपणानंतर त्यांना हाताला-गालाला थंड-गरम कळेनासं झालं. साचे तपासायला घरात एकच गाल उरला, तिचा. दूरच्या शहरातली नोकरी याआधीही चालून आली होती. तेव्हा तिने नाही म्हटलं. आता पुन्हा आली होती, आणि आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. शेजारचे काका साचे बघतील, असं तिने सकाळी चहा घेताना सुचवून पाहिलं. त्यावर बाबांनी काकांच्या दाढीचा विषय काढला. एवढ्या जंगलातून त्याला काय ओल कळणार, म्हणाले. ती हसली, आणि विषय तिथेच बारगळला.

"कोरडा आहे?" बाबांनी विचारलं. भांड्यातलं प्लास्टिक पातळ झालं होतं.

"आहे." तिचं लक्ष फोनकडे होतं.

बाबांनी साचा उचलला. हात मध्येच थबकला. मग त्यांनी तो परत वाळवायच्या ओव्हनमध्ये सरकवला आणि भांड्याखालची आच कमी केली.

ती बघतच राहिली.

"तुम्हाला गार लागलेलं कळलं."

बाबा ढवळत राहिले.

"कधीपासून कळतंय, बाबा?"

"झाले काही महिने."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग रोज मला कशाला हाक मारता?"

"हाक मारली की तू येतेस," ते म्हणाले. "जरा बसतेस."

त्यांनी मान वर केली नाही. तिला कडाकडा भांडायचं होतं. बधिर हातांवर तिने तोड काढली होती. वेळ आली असती तर काकांची दाढीही काढायला लावली असती. पण या 'जरा बसतेस'वर कोणाला आणून बसवणार?

फोन वाजला. नोकरीवाल्यांचाच होता.

"घे," बाबा म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, आणि म्हणूनच तिला तो उचलता येईना.