गुडघ्यांना धरलेला हात

आमच्या बेटावर कुणाला शिक्षा करायची तर हात उचलावा लागत नाही, जीभ पुरते. माझा मावसभाऊ आल्कॉन धाकट्या भावाला घेऊन शेळ्या चारायला गेला आणि एकटाच परत आला, तेव्हा मी ते पुन्हा एकदा पाहिलं. पोरगा सतराचा. वर कुरणात कुंभारांच्या पोरांबरोबर मेंढीच्या हाडांचे फासे खेळत बसला, आणि छोटा मिरॉन कधी उठून गेला ते या शहाण्याला कळलंच नाही. कड्याखाली मिरॉनची एक वहाण सापडली. तिथून वर गुहेकडे गेलेला रुंद माग होता, काहीतरी सरपटत गेल्यासारखा.

माग कुणाचा ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या गुहेत ड्राकायना राहायची. कमरेपर्यंत बाई, खाली सापीण. झऱ्याजवळच्या देवळात आम्ही गाऱ्हाणं घालायला जायचो तेव्हा ती वरच्या खडकाआडून बघत असायची, आणि बायका पोरांचे डोळे झाकायच्या.

"काय रे आल्कॉन, भावालाच डावावर लावलंस?" बंदरावर जाळी विणणारे विचारायचे. "मग, जिंकलास की हरलास?"

तो मान खाली घालून निघून जायचा. त्याची आई, म्हणजे माझी आन्थुसा मावशी, त्याला एका शब्दाने बोलली नाही. ताटात वाढायची आणि तोंड फिरवायची. ते त्याला जाळी विणणाऱ्यांपेक्षा जास्त लागलं. पोरगा दिवसेंदिवस भिंतीच्या कडेकडेने चालायला लागला, आणि मला त्याची कीवही यायची आणि दोन ठेवून द्याव्यात असंही वाटायचं.

एका सकाळी त्याने मेलेल्या बापाची तलवार खुंटीवरून काढली. मी दारातच उभी होते.

"ताई, तू येऊ नकोस."

"मशाल एका हातात, तलवार दुसऱ्या. ढाल काय दातांत धरणार आहेस?"

तो हसला नाही. "मिरॉनला घेऊन येईन. नाहीतर तिला मारून तरी येईन. लोकांनी एकदा माझ्याकडे सरळ बघावं, बास."

"आधी मिरॉन. तिचं नंतर बघू."

"तेच म्हणालो ना मी."

तेच म्हणाला नव्हता, पण मी मशाल घेतली आणि मागोमाग निघाले.

गुहा बाहेरून अरुंद आणि आत चांगली ऐसपैस निघाली. ओल्या दगडाचा वास येत होता. थोडं आत गेल्यावर काहीतरी घासल्याचा आवाज आला आणि ती मशालीच्या उजेडात आली. शेपूट माझ्या मांडीएवढी जाड, तिच्यावर खवले. पण चेहरा साधा होता हो, मावशीच्या वयाच्या कुठल्याही बाईचा. तिने आल्कॉनकडे पाहिलं, मग तलवारीकडे. आणि ती खाली वाकली. अंग जमिनीला टेकवून पुढे आली, डावा हात त्याच्या गुडघ्यांभोवती घातला आणि उजवा वर करून त्याच्या हनुवटीला लावला. तोंडातून नुसता फुत्कार निघत होता. बोलता येत नव्हतं तिला.

आमच्याकडे ही खूण पाळण्यातलं पोरही ओळखतं. एक हात गुडघ्यांना, एक हनुवटीला. असं कुणी धरलं की तो आपल्या बापाचा खुनी असला तरी हत्यार खाली ठेवायचं. शरण आलेल्याच्या पाठीशी खुद्द देवांचा राजा झ्यूस असतो, या धाकात आम्ही सगळे वाढलो. देवळात आम्ही असंच मूर्तीचे गुडघे धरायचो, ते बघून बघून ती शिकली असणार. दुसरं कोण शिकवणार तिला?

"आल्कॉन, थांब," मी म्हणाले.

तो थांबला. तलवार वर, आणि तो खाली तिच्या तोंडाकडे बघतोय. पाण्याचा एक घोट गिळायला लागतो तेवढाच वेळ. मग त्याने तलवार तिच्या मानेत घातली.

मिरॉन आतल्या कोपऱ्यात सुक्या गवतावर पडला होता. जिवंत, चांगला गुबगुबीत. मोडलेल्या पायाला काठ्या लावून वर लोकर गुंडाळली होती. उशाशी अंजिरं आणि चीज. आम्हाला बघून त्याने आधी आमच्या मागे पाहिलं.

"ती कुठाय? आत्ता बाहेर गेली." मग म्हणाला, "मी कड्यावरून पडलो ना, तिनेच उचललं मला. पाय बरा झाला की देवळापर्यंत सोडणार आहे. हातांनी सांगते ती, सगळं कळतं मला."

आल्कॉनच्या तोंडाकडे माझ्याने बघवेना. मिरॉनला कडेवर घेतला, पदराने त्याचे डोळे झाकले आणि तशीच बाहेर पडले. "डोळे का झाकतेस?" तो विचारत राहिला. मी काय सांगणार, कपाळ?

उतारावर मिरॉन माझ्या खांद्यावर झोपला तेव्हा मी म्हणाले, "अंधार होता. तुला वाटलं ती गळा धरतेय. कुणालाही वाटलं असतं."

"नाही ताई. मला कळलं होतं."

"गप्प बस."

"हनुवटीला हात लागला तेव्हाच कळलं. पण मनात आलं, मिरॉन तर मेलाच असणार. तलवार खाली ठेवली तर गावात जाऊन दाखवू काय?"

शरण आलेल्याला मारणाऱ्याला आमच्याकडे घरच्या चुलीशी बसता येत नाही. समुद्रापार जायचं, परक्याने कुणी ते रक्त धुतलं तर धुतलं, नाहीतर तिकडेच मरायचं. म्हणून मी त्याला दटावून सांगितलं, "हे पुन्हा तोंडातून काढशील तर याद राख." मला माझा भाऊ घरात हवा होता. त्यात कसलं पुण्य नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

गावात एकच दंगा झाला. तरणी पोरं वर धावली आणि तिला वाशाला बांधून खाली घेऊन आली. अंगणात टाकलं तिला, आणि बारकी पोरं दगड मारायला लागली. मिरॉनला आतल्या खोलीत निजवलं होतं म्हणून बरं. दुपारीच बोकड कापला. गावाचा कारभार बघणारे एखिओन मामा, मावशीचे थोरले भाऊ, त्यांनी स्वतः आल्कॉनच्या डोक्यावर पानांचा मुकुट ठेवला. जाळी विणणारे म्हणाले, "आमचा सिंह तो. आम्ही आधीपासून ओळखून होतो." निर्लज्ज मेले.

आणि मावशीने त्याच्या केसांतून हात फिरवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "बस माझ्याजवळ," म्हणाली, आणि मांडीचा चांगला तुकडा त्याच्या ताटात वाढला. त्याला जे हवं होतं ते सगळं त्या एका दुपारी मिळालं होतं.

तो उठला. मला वाटलं, हात धुवायला चाललाय. त्याने मुकुट काढला, कोपऱ्यातली तलवार उचलली, न धुतलेली, आणि थेट चुलीजवळच्या राखेत जाऊन बसला. तलवारीचं टोक मातीत रोवलं आणि डोळे खाली केले.

आमच्यात माणूस मारून आलेलाच असा बसतो. रक्त धुतलं जाईपर्यंत त्याने तोंड उघडायचं नसतं.

"अरे ऊठ, वेड्या," मामा हसत म्हणाले. "जनावर मारून कुणी राखेत बसतं का?"

तो हलला नाही. मामांचं हसू ओसरलं. मावशीच्या हातात अजून वाढायचा चमचा होता. तिने माझ्याकडे पाहिलं.

"निका, कुणाला मारलं याने?"

खोटं तोंडावर आलं होतं. पण तो राखेत बसलेला, आणि मी उभं राहून खोटं बोलायचं?

"शरण आलेल्या बाईला, मावशी. तिने गुडघे धरले होते याचे. मिरॉनचा पाय तिनेच बांधला."

कुणी घास गिळेना, कुणी थुंकेना. एकेक जण भिंतीकडे बघायला लागला, कारण एकमेकांकडे बघायची सोय उरली नव्हती. मामा हळूच म्हणाले, "उद्याची नाव आहे." मावशीने आल्कॉनचं ताट उचललं. तिला उचलावंच लागलं. ते उचलताना रस्सा सांडला.

मग तिने घागर घेतली आणि अंगणात गेली. दगड मारणारी पोरं मागे सरली. मावशी त्या बाईशेजारी मातीत बसली आणि घरातलं माणूस गेल्यावर आपण धुतो तसं तिचं तोंड धुवायला लागली. दारात बायका उभ्या होत्या, पुढे कुणी येत नव्हतं.

"केस धर," मावशी मला म्हणाली.

मी धरले. लांब होते, माझ्यासारखेच दाट, रक्ताने चिकटलेले. एका बाजूला वेडीवाकडी वेणी घातलेली होती, लहान मुलाच्या हाताची, आणि तिच्यात सुकलेली रानफुलं खोचलेली. मावशीने ती पाहिली आणि वेणी न सोडता भोवतीने पाणी घातलं.

आत आल्कॉन तसाच बसला होता. वेणीचं त्याला आम्ही कुणी सांगितलं नाही.