रोहिणीची लाथ

“ह्या बाईला? ह्या बाईच्या डोस्क्यात तू लाथ घातलीस?” मोनाने मोबाईल रोहिणीच्या नाकासमोर धरला.

एमआयडीसीतल्या डेअरीच्या कँटीनमध्ये बसलेल्या सगळ्या बायका खिदळल्या. मोबाईलवर चोई मी-सन कुठल्याशा कोरियन सिनेमात चार गुंडांना लोळवत होती. आधी ती तायक्वांदोची खेळाडू होती, मग सिनेमात नायिकांच्या जागी मारामाऱ्या करायला लागली आणि आता स्वतःच नायिका झाली होती. येत्या रविवारी ती शाळकरी मुलींच्या शिबिरासाठी बारामतीत येणार होती.

“व्हय, घातली,” रोहिणी म्हणाली. “पुण्यात, कोरियाचा संघ खेळाया आलता तवा. सतरा वर्सांची हुते मी. नऊ-दोननं हारले, पर त्ये दोन गुण त्या लाथंचे.”

“फोटू हाय का?”

फोटो नव्हता. स्पर्धेनंतर सहा महिन्यांत लग्न होऊन ती लासुर्ण्याहून काटेवाडीला आली. तेव्हापासून ही गोष्ट तिने कितीजणांना सांगितली असेल. लोक ऐकून घ्यायचे आणि गालातल्या गालात हसायचे.

रविवारपर्यंत तिला चैन पडेना. तव्यावरची भाकरी करपली. स्कूटीची किल्ली फ्रिजमध्ये सापडली. न्हाणीचं दार लावून ती पाय उचलून बघायची. दुसऱ्या बाळंतपणापासून तो कमरेच्या वर म्हणून जात नव्हता.

“काय चाललंय आत, धाडधाड?” सासूने, छबूबाईंनी बाहेरून विचारलं.

“काय न्हाय आत्याबाई, बादली पडली.”

छबूबाईंनी दाराला कान लावला. मग म्हणाल्या, “भिंतीला धरून कर, बाय. फरशी वली हाय.”

रविवारी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. तीनची पाळी असल्यामुळे रोहिणी डेअरीच्या कपड्यांतच गेली. मोनाही बरोबर आली. मुलींचे प्रश्न संपले तेव्हा रोहिणी उभी राहिली. व्यासपीठावर पुण्याची एक मुलगी दुभाषी म्हणून बसली होती.

“म्याडम, त्यांना इचारा, मी ह्यांच्यासंगं खेळले हुते. पुण्यात. आठवतंय का म्हणावं.”

मी-सनने मन लावून ऐकलं. मान तिरकी करून रोहिणीकडे बराच वेळ पाहिलं आणि मग खरं तेच सांगितलं.

“त्या माफी मागतायत,” दुभाषी मुलगी म्हणाली. “त्या वर्षी खूप लढती झाल्या. त्यांना आठवत नाही.”

मागच्या रांगांतून हसू फुटलं. मोना खाली बघायला लागली. रोहिणी उभीच होती. मुकाट्याने खाली बसणं सोपं होतं.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मला आठवतंय.”

ते ऐकून मी-सन उठली आणि व्यासपीठावरून खाली मॅटवर आली. “दाखवाल का म्हणतायत, ती लाथ,” दुभाषी मुलीने सांगितलं.

रोहिणीने बूट काढले आणि मॅटवर जाऊन मान लववली. पहिल्या खेपेला पाय कमरेपर्यंतच गेला. मी-सनने ते पाहिलं. ती गुडघ्यात वाकली आणि हसत हसत डोकं खाली आणून थांबली, लहान पोरांपुढे मोठी माणसं वाकतात तशी. मुली टाळ्या वाजवायला सरसावल्या.

रोहिणीने दुसऱ्यांदा उचललेला पाय तसाच खाली घेतला.

“म्याडम, त्यांना सांगा, वाकू नका. मी मारली तवा त्या ताठ उभ्या हुत्या.”

दुभाषी मुलीने सांगितलं. मी-सनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती सरळ झाली, मुठी वळून आणि एक पाय मागे घेऊन लढतीसारखी उभी राहिली.

रोहिणी ओरडून वळली. कमरेतून कळ गेली. पाय कमरेच्या वर गेला, छातीच्या वर गेला आणि मी-सनच्या खांद्याच्या कडेला टेकला. त्याच्या वर गेला नाही. मांडी थरथरत असताना तिने तो क्षणभर तिथेच धरला. मग सावकाश खाली ठेवला.

मी-सन कमरेतून वाकली आणि बराच वेळ वर उठली नाही. रोहिणीही वाकली. मागच्या रांगांत आता कुणी हसत नव्हतं.

“किती वाजलं गं?” बूट घालताना तिने मोनाला विचारलं.

“पावणेतीन.”

“चल मग. पाळी सुरू हुईल.”

लंगडत ती गाडीपाशी आली. मोनाने हात पुढे केला आणि तिच्याकडून किल्ली घेतली. रोहिणी मागे बसली, दुखरा पाय जमेल तेवढा सरळ सोडून.